बसण्याचा आवाज

"चेची, ही कोण चालतेय?" काचेपलीकडून बटण दाबून फसीलानं विचारलं, आणि तेहतीस वर्षांत पहिल्यांदाच माझी पावलं चित्र चालू असताना मध्येच थांबली. पडद्यावर शीबा पुढं चालतच राहिली. हातात साड्यांची चळत, मान जराशी कलती, आणि पायांखाली आता काहीच आवाज नाही. आवाजाशिवाय चालणारं माणूस पाहिलं की मला अजूनही कसंतरी होतं. "कोण म्हणजे? शीबाच," मी म्हटलं. "नाही चेची. शीबा सकाळी नऊपासून उभी आहे. ही बाई आत्ताच अंघोळ करून, गजरा माळून निघालीय. आणि तिच्या पायांत पैंजण आहेत." मी हाताकडं बघितलं. डाव्या हाताच्या बोटांत पैंजणाची जोडी अडकवलेली होती. ती मी कधी उचलली, मला माहीत नव्हतं.

स्टुडिओत मला सगळे चेची म्हणतात, म्हणजे ताई, पण माझं काम लोकांना सांगितलं की ते हसतात. सिनेमात कुणी चाललं, भांडं आपटलं, साडी सळसळली, तर तो आवाज शूटिंगच्या वेळचा नसतो. मागाहून आम्ही बंद खोलीत, पडद्याकडं बघत, तो पायांनी आणि हातांनी नव्यानं करतो. या धंद्याला आमच्याकडं नुसतं इफेक्ट्स म्हणतात. खोलीच्या जमिनीत चौकोनी खड्डे असतात, एकात वाळू, एकात खडी, एकात फरशी, एकात लाकूड. माझ्या पत्र्याच्या पेटीत चाळीस जोड चपला आहेत आणि बिस्किटांच्या डब्यात पैंजण. कोचीत बनलेल्या निम्म्याअधिक सिनेमांतल्या नायिका माझ्या पायांनी चालल्यात. तोंडं बदलली, कंबरा बदलल्या, पाय रोसिलीचेच. याचा मला गर्व होता. अजूनही आहे, पण त्या दिवशी त्या गर्वाला एक टाचणी लागली, ती कशी लागली तेच सांगतेय.

बेन्नी, आमचा ध्वनिमुद्रण करणारा, मशिनमागून म्हणाला, "फसीला, पैंजण काढून टाकू, बास. चेचीचं बाकी झकास आहे." फसीला आमची दिग्दर्शिका. ही मलप्पुरमची मुलगी, एकतीस वर्षांची, पहिलाच सिनेमा, आणि सिनेमा कशावर, तर साड्यांच्या दुकानातल्या बायकांवर. दिवसभर उभं राहायचं, बसलं तर दंड, लघवीला गेलं तर दंड. त्या बायका एकत्र येऊन भांडल्या आणि बसायचा हक्क घेऊन आल्या. शेवटच्या दृश्यात शीबा दुकानाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जाते, काउंटरमागचं नवं स्टूल ओढते, आणि सगळ्यांसमोर त्यावर बसते. त्या बारा पावलांवर संगीत नाही. निर्मात्यानं हातापाया पडून मागितलं, तरी फसीलानं ठेवू दिलं नाही. "तिथं फक्त तिचे पाय ऐकू यायला हवेत," ती म्हणाली होती. म्हणजे माझे. आता तीच मुलगी खाली मान घालून म्हणाली, "चेची, उद्या चारपर्यंत वेळ आहे. परवा सगळे आवाज एकत्र बसवायचेत. नाही जमलं तर…" बेन्नीनं पुरं केलं, "नाही जमलं तर लायब्ररीत तयार आवाज आहेत. बाईची चाल, फरशी, चार नंबर. बटण दाबलं की चालते." मी हसले. बटण दाबलं की चालणारी बाई आली, तर माझी पेटी भंगारात गेली असं समजायचं.

बाहेर पायरीवर चहा घेत बसले. बसले म्हणजे टेकले, आम्हा लोकांना नीट बसायची सवयच नाही. राग आला होता. कालची पोर मला चालायला शिकवते! पण रागाच्या खालून एक प्रश्न वर येत होता आणि मी त्याच्यावर चहा ओतत होते. मग त्याला वर येऊ दिलं. मी बाईसारखं चालायला शिकले कुणाकडून? वर्की आशानकडून. आशान म्हणजे गुरू. मी एकोणिसाव्या वर्षी कोडंबाक्कमला, सिनेमाच्या स्टुडिओंच्या वस्तीत, गेले ती गर्दीच्या दृश्यांत ओरडायला, चर्चच्या गाण्यात माझा आवाज मोठा म्हणून कुणीतरी नेलं होतं. तिथं हे आशान भेटले, हे मोठ्ठं पोट, कमरेला लुंगी, ओठांत विडी. खाली बसून दोन्ही हातांत लाकडी चपला घ्यायचे, मनगटाला पैंजण बांधायचे आणि डोळे मिटून तळहातांवर चालायचे. पडद्यावर नायिका लाजत, अडखळत, दारापर्यंत येऊन परत फिरायची, आणि खाली हा घामाघूम बाप्या फरशीवर हात आपटत असायचा. मला हसू आवरेना. आशाननी माझे पाय बघितले आणि म्हणाले, "मोळे, तू शिकशील. जरा चालून दाखव." मोळे म्हणजे लेक. मी चालून दाखवलं. त्यांनी कपाळावर हात मारला. "ही काय चाल झाली? बाई चालते तशी नाही चालायचं. पडद्यावरची बाई चालते तशी चाल. टाच टेकवू नको. निम्मं पाऊल टाक, मग थांब, मग निम्मं. आणि पैंजण आधी, पाय नंतर. बाई दिसायच्या आधी ऐकू आली पाहिजे, म्हणजे लोक सावरून बसतात."

मी शिकले. सहा महिन्यांत अशी शिकले की आशाननी हात टेकले, खरोखरच टेकले, परत कधी त्या चपला उचलल्या नाहीत. माझ्यावर माया केली त्या माणसानं, ताप आला तर स्वतः भाताची कंजी करून पाजली, कुणी माझ्या खोलीच्या दाराशी घुटमळलं तर विडी विझवून उठायचे. त्यांना मी वाईट म्हणणार नाही. पण आज पायरीवर बसून मला पहिल्यांदा स्वच्छ दिसलं की पन्नास वर्षं या मुलखातल्या नायिका एका ढेरपोट्या पुरुषाच्या तळहातांवर चालतायत, आणि मी बाई असून तेच तळहात माझ्या पायांत चढवले. आणि पैंजण! यक्षी म्हणजे आमच्याकडची हडळ, तिचे पाय जमिनीला टेकत नाहीत म्हणतात, तिला मी पैंजण घातले. फौजदारीण आली, पैंजण. एकदा मठातल्या मदरला घातले. कुणाच्याही लक्षात आलं नाही, फक्त आमच्या वैपीन बेटावरच्या चर्चमध्ये सिस्टर अनुन्सियाता मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "रोसिली, त्या मदरच्या पायांत काय वाजत होतं गं? आमच्यात असलं काही देत नाहीत, देत असते तर मी केव्हाच घातलं असतं." मी तो किस्सा वर्षानुवर्षं सांगून लोकांना हसवलं. डाव्या हाताची ती खोड मोडावी, असं मात्र कधी वाटलं नाही. जित्याची खोड म्हणतात ती हीच.

पहिल्या सुट्टीत कोडंबाक्कमहून घरी आले तेव्हा अम्मच्चीनं, माझ्या आईनं, चुलीपाशी मला दोनदा इकडून तिकडं जाताना बघितलं आणि म्हणाली, "चोरासारखी काय चालतेस? कुणाच्या घरात शिरलीयस?" माझी अम्मच्ची कोळंबी सोलायच्या शेडमध्ये होती. बर्फाच्या पाण्यात बोटं, टेबलाशी उभं, सकाळपासून अंधार पडेपर्यंत. बोटीच्या धक्क्यावर ती उतरली की मला घरात कळायचं. धक्क्याच्या फळ्यांवर आधी टाच, मग पूर्ण पाऊल, धप, धप, जरा डावीकडं झुकतं, कारण उजवा गुडघा दुखायचा. तिच्यासोबत पंधरा बायका उतरायच्या, पण त्यातून तिची पावलं मी वेगळी काढायचे. तिला घरात बसलेली मी पाहिली नाही. जेवायची उभ्यानं, चुलीच्या कट्ट्याला टेकून. रविवारी मात्र ती मला घेऊन टॉकीजला जायची, पत्र्याचं छप्पर, पुढं वाळू, मागं बाकं, आणि हट्टानं बाकाचंच तिकीट काढायची. बाकावर टेकली की छातीतून एक लांबलचक "हावूऽऽ" निघायचं, आमच्याकडं सुटल्यासारखं वाटलं की माणसाच्या तोंडून निघतं तसं. पडद्यावर काय चाललंय याच्याशी तिला फारसं देणंघेणं नसायचं. "अडीच तास कुणी ऊठ म्हणत नाही," ती म्हणायची, "त्याचेच पैसे दिलेत." कधीमधी डोळा उघडून बघायची. नायिका घागर घेऊन छुम छुम करत विहिरीकडं निघालेली असायची. अम्मच्ची मोठ्यानं म्हणायची, "ही पाण्याला चाललीय की कुणाला ओवाळायला? अशी गेली तर संध्याकाळपर्यंत भात शिजायचा नाही!" पुढची चार बाकं हसायची. मी लाजेनं मेल्यागत व्हायचे. आज वाटतं, त्या टॉकीजमध्ये सिनेमा कळणारी तेवढी एकच बाई होती, आणि ती झोपायला आलेली होती.

चहाचा ग्लास ठेवला आणि तशीच रस्ता ओलांडून गेले. ब्रॉडवे बाजाराच्या पुढं साड्यांचं तीन मजली दुकान आहे, नाव सांगत नाही. आत शिरले, सेट-मुंडू, आमच्याकडची दोन तुकड्यांची साडी, दाखव म्हटलं, आणि समोरच्या खुर्चीत बसून डोळे मिटले. गिऱ्हाइकाला खुर्ची पहिल्यापासून होती. डोळे मिटल्यावर त्या दुकानात जे ऐकू आलं ते मी तेहतीस वर्षांत एकदाही केलेलं नव्हतं. कुणी चालतच नव्हतं असं म्हटलं तरी चालेल. उभ्या उभ्या वजन एका पायावरून दुसऱ्यावर जात होतं. चपलेतून पाऊल हळूच निघायचं, गार फरशीला लागायचं, मग तळवा फरशीपासून सुटताना एक बारीक चिकट आवाज यायचा. एका पायाचा अंगठा दुसऱ्या पोटरीवर घासला जायचा. आणि चालायची वेळ आली की पहिलं पाऊल जड, ओढलेलं, दुसरं त्याच्याहून हलकं, तिसऱ्यापासून मग सरळ, झपझप, टाच टेकवून. पहिली दोन पावलं दिवसभर उभ्या बाईची आणि पुढची घर चालवणाऱ्या बाईची. ती धक्क्यावरची पावलं होती, फक्त फळ्यांऐवजी फरशीवर.

"चेची, चक्कर आली का? पाणी देऊ?" डोळे उघडले तर सेट-मुंडू दाखवणारी बाई वाकून बघत होती. चाळिशीची, पायांत घट्ट पोटरीपट्टे, छातीवर नावाची पट्टी, जलजा. मी म्हटलं, "नाही गं. तुझे पाय ऐकत होते." ती खो खो हसली. "माझे पाय? माझा नवरा नाही ऐकत माझं तोंड, आणि तुम्ही पाय ऐकता?" मी कोण ते सांगितलं, सिनेमाचं सांगितलं. तिचा चेहरा बदलला. "आमच्यावर सिनेमा? खरंच? आम्ही तर नायिका साडी घ्यायला आली की तिच्या मागं उभ्या असतो. ती 'हा रंग नको' म्हणते, आम्ही घडी घालतो, संपलो." मग तिनं इकडं तिकडं न बघताच काउंटरखालून स्टूल ओढलं. "हे बघा. पहिल्या दिवशी आलं तेव्हा याच्यावर प्लास्टिक होतं. साहेब म्हणाले, राहू दे, खराब होईल. मी सगळ्यांच्या देखत फाडलं. जुन्या दुकानात याच्यापायी माझी नोकरी गेली होती चेची, उन्हात बसून होते आम्ही त्यांच्या दारात कितीतरी दिवस. आता गिऱ्हाईक नसलं की मी बसते. सुपरवायझर येताना दिसला की तर मुद्दाम बसते." "मग बसून दाखव ना," मी म्हटलं. ती बसली. आधी एका हातानं काउंटर धरला, गुडघे वाकले, साडीची कड सळसळली, लाकूड कुरकुरलं, आणि सगळ्यांत शेवटी, जणू पायांच्या तळव्यांतून वर येत, तिच्या तोंडून निघालं, "हावूऽऽ." मला रडू आलं. दुकानात, गिऱ्हाइकांत, त्या परक्या बाईसमोर मी रडले, आणि तिनं मला पाणी दिलं, ते बसल्या बसल्याच.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला स्टुडिओत गेले आणि पेटीतली एक साधी रबरी चप्पल काढून फरशीच्या चौकोनात उभी राहिले. काम चारचं होतं. बेन्नी म्हणाला, "चेची, आत्तापासून? बसा की." "नाही बसायचं." "नवस केलाय का?" "हो. वल्लारपाडमच्या मेरीमातेला. सात तास उभी राहते म्हटलंय, मग तुझा चार नंबर तोंडावर पडू दे." तो हसला. दुपारी फसीला पोरोट्टा घेऊन आली, मी उभ्यानं खाल्ला, भिंतीला टेकून, आणि टेकताना मला माझ्या खांद्यांत अम्मच्ची टेकलेली जाणवली. ती नेमकी अशीच टेकायची, डावा खांदा आधी. बाराच्या सुमाराला पोटऱ्या भरून आल्या. दोनला तळव्यांना मुंग्या आल्या आणि मग मुंग्याही गेल्या. उभं राहणं हे काम आहे हे मला माहीत होतं, मी आयुष्यभर उभीच होते. पण उभं राहण्याकडं इतका वेळ टक लावून कधी बघितलं नव्हतं. एक पाय चपलेतून आपोआप बाहेर आला आणि फरशीचा गारवा शोधू लागला. मी त्याला अडवलं नाही. आशान आठवले. म्हटलं, आशान, तुम्ही शिकवलंत ते चुकीचं नव्हतं, ते तुमचं होतं. आता जरा बाजूला व्हा, माझ्या अम्मच्चीला येऊ द्या. पैंजणांचा डबा मी काचेपलीकडं बेन्नीच्या टेबलावर ठेवून आले होते, कारण माझ्या डाव्या हातावर माझा अजिबात विश्वास नव्हता.

चारला पडद्यावर शीबा आली. दुकान शांत, सगळ्यांची तोंडं तिच्याकडं. लाल दिवा लागला आणि मी श्वास धरला. आमच्या कामाचा पहिला नियम हाच. मायक्रोफोनसमोर इफेक्ट्सवाल्याला श्वास नसतो. श्वास, हुंदका, किंकाळी हे सगळं आवाज देणाऱ्या नटीचं, आमचे फक्त हातपाय. नायिकेच्या छातीतून निघणारं काहीही आमचं नसतं. तेहतीस वर्षं मी त्या दिव्याखाली गुदमरूनच चाललेय. शीबानं पाय उचलला, मीही उचलला. पहिलं पाऊल जड, ओढलेलं. तळवा चपलेला चिकटून सुटला. दुसरं. मग तिसऱ्यापासून टाच टेकली, धप, धप, जरा डावीकडं झुकतं, आणि मला कळलं की मी शीबाकडं बघून चालत नाही, शीबा माझ्यासोबत चालतेय. बाकीच्याही उतरल्या होत्या धक्क्यावर, पंधरा जणी, भिजलेल्या, माशांचा वास मारणाऱ्या, हसणाऱ्या, आणि कुणाच्याच पायांत काही वाजत नव्हतं तरी अख्ख्या वैपीनला त्या ऐकू येत होत्या. दहा, अकरा, बारा. तिनं स्टूल ओढलं. मी ओढलं, तिथलंच एक साधं लाकडी स्टूल, फरशीवर खरखरत आलं. मग ती बसली. मी काठ धरला, गुडघे वाकवले, सात तासांनी माझं सगळं वजन पायांवरून खाली उतरलं, लाकूड कुरकुरलं, आणि मला थांबवता येण्याआधीच, थांबवावं असं वाटण्याआधीच, माझ्या छातीतून, भरभरून, मायक्रोफोनच्या तोंडावर निघालं, "हावूऽऽ."

दिवा विझला. बेन्नी पटकन म्हणाला, "पावलं एक नंबर आली चेची! शेवटी श्वास गेला तेवढा कापून टाकतो, हरकत नाही." काचेपलीकडं फसीला उभी होती, दोन्ही हात तोंडावर. तिनं हात काढले आणि म्हणाली, "कापायचं नाही. हात लावशील तर बघ." "अगं, पण तो नटीचा आवाज नाही, लोकांना कळेल." "कळू दे," ती म्हणाली. मग बटण दाबून, नुसत्या माझ्यासाठी, हळू आवाजात म्हणाली, "चेची, ही कोण होती?" मला पुष्कळ नावं आठवली, धक्क्यावरची, शेडमधली, दुकानातली. पण मी म्हटलं, "मी." हे मी इतक्या वर्षांत त्या खोलीत कधी बोलले नव्हते. बेन्नीनं पुढचं चित्र लावायला घेतलं. "चला चेची, पुढं गोदामातलं आहे, दोन मिनिटांचं काम. उठा."

"तू लाव," मी म्हटलं, "मी बसलेय." आणि बसून राहिले.